बागेतल्या खोलीचा पाया आणि पाण्याचा निचरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गझिबो म्हणा, बागेतली खोली म्हणा, किंवा चहा प्यायचा मंडप. खालचे सगळे हिशेब १० × १२ फूट खोली, सहा खांब, पत्र्याचं किंवा कौलांचं छप्पर आणि चारही बाजूंना दीड फूट वळचण असं धरून केले आहेत. तुमची खोली लहान-मोठी असेल तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात आकडे बदला; थरांची जाडी तीच ठेवा. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट.

एवढ्याशा खोलीला पाया कशाला? चार फरश्या टाकून खांब उभे केले तर?

मुरमावर कदाचित चालेल. काळ्या मातीवर नाही. इथे वजन पेलण्याचा प्रश्न नसतोच, उलट खोली हलकी असते हीच अडचण असते. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. तीन मजली घराच्या वजनाखाली तिचं फारसं चालत नाही, पण हलकी खोली ती सहज उचलते. उचलते तीही वेडीवाकडी. पावसाळ्यात छपराखालची मध्यभागची माती कोरडी राहते आणि कडेची भिजते, म्हणून कडा वर येतात. उन्हाळ्यात कडा आधी सुकतात आणि खाली बसतात. ऑगस्टमध्ये घट्ट बसणारं दार मे महिन्यात आपोआप उघडत असेल, तर दोष सुताराचा नाही, खालच्या मातीचा आहे.

आमच्या बागेत कोणती माती आहे हे कसं ओळखायचं?

ढोबळ मानाने पुण्यात बाणेर, पाषाण, बावधनच्या टेकड्यांच्या उतारावर फूट-दोन फुटांत मुरूम लागतो. मांजरी, लोणी काळभोर, उरुळी कांचनकडे आणि नदीकाठच्या पट्ट्यात काळी माती खोल असते. पण बंगल्याच्या बागेत या अंदाजावर विसंबू नका. वरचा फूटभर थर बहुधा बाहेरून आणलेला पोयटा असतो, आणि त्याखाली घर बांधताना दाबलेला राडारोडा: विटांचे तुकडे, सिमेंटची रिकामी पोती, कधी अख्खा फुटका कमोड. असा भराव वर्षानुवर्षं बसत राहतो.

म्हणून खोलीच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत तीन-तीन फूट खोल खड्डे घ्या. कुदळीने कापलेली बाजू चकचकीत दिसली आणि ओल्या मातीची बोटभर वळी न तुटता वळता आली, तर ती काळी चिकण माती. पहार आपटल्यावर खणकन आवाज आला आणि पिवळट-तपकिरी खडे सुटले, तर मुरूम. एका खड्ड्यात मुरूम आणि दुसऱ्यात भराव निघाला तर जागा थोडी सरकवा. अर्धी खोली कडक जमिनीवर आणि अर्धी भरावावर बसली, तर बरोबर त्या सांध्यावर तडा जातो.

जमिनीत पाणी मुरतं की नाही, हे कसं तपासायचं?

एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा काढा. पाण्याने भरून पूर्ण जिरू द्या. पुन्हा भरा, काठावर काठी आडवी ठेवून पातळीची खूण करा आणि एका तासाने किती उतरलं ते पट्टीने मोजा. तासाला दोन इंचांहून जास्त उतरलं तर उत्तम. अर्ध्या इंचाच्या आत असेल तर शोषखड्ड्याचा (पाणी जमिनीत जिरवणाऱ्या, खडी भरलेल्या खड्ड्याचा) विचार सोडा, पाणी बाहेरच न्यावं लागेल.

ही चाचणी मे महिन्यात काळ्या मातीत घेतली तर हमखास फसाल. भेगांमधून पाणी भराभर पळतं आणि जमीन छान पाणी पिते असं वाटतं. दोन पाऊस झाले की त्याच भेगा मिटतात आणि तिथेच डबकं साचतं. उन्हाळ्यात करायचीच असेल तर खड्डा दोन दिवस भरलेला ठेवून तिसऱ्या दिवशी मोजा.

खड्डा काढून त्यात खडी भरली की निचरा झाला ना?

नाही. सगळ्यात जास्त पाये इथेच बिघडतात, म्हणून हे नीट सांगतो.

खडी पाणी कुठेही नेत नाही. ती फक्त पाण्याला आपल्या पोटात जागा देते. खडीच्या थरात साधारण ४० टक्के पोकळी असते. काळ्या मातीत फूटभर खोल खड्डा काढून खडी भरली, तर तुम्ही बागेत एक हौद बांधला आणि वरून खडीने झाकला, एवढंच झालं. आजूबाजूच्या बागेचं पाणीही उतार शोधत त्यात येतं, बाहेर पडायला वाट नसते, आणि जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत खोली त्या हौदावर बसून राहते. खालची माती मऊ होते, खडी तिच्यात रुतते, वरून फरशी पोकळ वाजायला लागते.

यावर दोनच उपाय, आणि दोन्ही एकत्रच लागतात. खड्ड्याच्या तळाला उतार हवा आणि त्या उताराच्या शेवटी पाण्याला बाहेर जायची वाट हवी. बाहेरची वाट आधी ठरवा, तिची पातळी मोजा आणि मगच कुदळ मारा. तळापेक्षा खाली पाणी सोडायला बागेत जागाच नसेल तर खोदू नका. पाया सगळाच्या सगळा जमिनीच्या वर उचला.

मग खोदाई किती आणि थर कसे घालायचे?

खोलीच्या चारही बाजूंना दोन फूट जास्त, म्हणजे १४ × १६ फुटांचा खड्डा आखा. गुण्या (काटकोन मापायचं साधन) नसेल तर ३-४-५ चा काटकोन (बाजू ३ आणि ४ फूट, तिरकं अंतर ५ फूट) दोरीने काढा, शेवटी दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले पाहिजेत. खड्ड्याची खोली उंच बाजूला ९ इंच आणि सखल बाजूला साडेअकरा इंच, म्हणजे १६ फुटांत अडीच इंच उतार. पातळी पाण्याच्या पारदर्शक नळीने तपासा. नळीत बुडबुडा राहिला की माप चुकतं, दोन्ही टोकं शेजारी धरून एकदा खात्री करून घ्या.

तळ धुमसाने ठोकून घ्या. मग मुरूम. चार-चार इंचांचे दोन सैल थर, प्रत्येक थर पाणी शिंपडून दाबायचा. दोन्ही मिळून सहा इंच उरले पाहिजेत. प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने मिळतो, तो घ्याच. हाताने धुमस मारून शेवटचे थर नीट दबतात, पहिला नेहमी राहून जातो. मुरमाला ओल किती हवी? मूठभर घेऊन आवळा: लाडू वळला पाहिजे, कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर दोन-तीन तुकडे झाले पाहिजेत, आणि तळहाताला पाणी लागता कामा नये. लाडू वळलाच नाही तर कोरडा आहे, पसरट झाला तर चिखल आहे.

मुरमाचा वरचा पृष्ठभागही त्याच उतारात हवा. दाबलेला कडक मुरूम पाणी फारसं आत घेत नाही. तो उतरत्या ताटासारखं काम करतो आणि खालच्या काळ्या मातीपर्यंत पाणी पोचू देत नाही.

त्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड. कापडावर १० × १२ च्या चौकटीत सहा इंच रुंद काँक्रीट ब्लॉकचा एक थर. हा पायाचा काठ. सखल बाजूला ब्लॉकखाली सुमारे दोन इंच काँक्रीटची बैठक देऊन वरची पातळी एकसारखी आणा. प्रत्येक तिसऱ्या ब्लॉकचा उभा सांधा मसाल्याशिवाय, बोटभर मोकळा ठेवा. गवंडी तो सवयीने भरून टाकतो, त्यामुळे स्वतः उभं राहा. तो सांधा बुजला तर काठाच्या आतलं पाणी आतच राहतं.

चौकटीच्या आत ब्लॉकच्या माथ्यापर्यंत ४० मिमी खडी भरा, शेवटचे दोन इंच २० मिमीची, म्हणजे वरचा प्लास्टिक कागद फाटणार नाही. चौकटीबाहेरच्या दोन फुटी पट्ट्यात जमिनीच्या पातळीपर्यंत ४० मिमी. मग २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद आणि त्यावर चार इंच काँक्रीट. जोत्याचा माथा बागेपेक्षा साधारण ९ इंच वर येतो. चढायला पायरी लागेल. ती जोत्याला चिकटवून ओतू नका, अर्धा इंच फट ठेवून वेगळी बसवा.

साहित्य किती मागवायचं?

खोदलेली माती जमिनीत १.९ ब्रास असते, पण बाहेर निघाली की फुगून जवळपास अडीच ब्रास होते. ती टाकायची कुठे हे आधी ठरवा.

मुरूम दीड ब्रास (दाबल्यावर ११२ घनफूट उरायला इतका सैल लागतो). खडी दीड ब्रास, पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाच्या चरीसकट (पाइपाचं पुढे सांगितलं आहे). त्यातली सुमारे २० घनफूट २० मिमीची. जिओटेक्स्टाइल ४० चौरस मीटर. सहा इंची ब्लॉक ३५ नग. काँक्रीट ४० घनफूट, त्याला १ : १॥ : ३ प्रमाणात ९ पोती सिमेंट, १७ घनफूट क्रश सँड आणि ३४ घनफूट २० मिमी खडी. सळई ८ मिमी, दोन्ही दिशांना ८ इंचांवर: ४० फुटी ११ नग, म्हणजे सुमारे ५२ किलो. खांबांच्या सहा बैठकांना आणखी सहा-सात पोती आणि त्याच प्रमाणात वाळू-खडी.

खडी-मुरूम गाडी रिकामी होण्याआधी टेपने मोजा. लांबी, रुंदी आणि चार कोपऱ्यांतली खोली. मधला उंचवटा दाखवून 'भरपूर आहे' असं सांगितलं जातं. कोपऱ्यात टेप घातला की खरं कळतं. मुरूमही ओतायच्या आधी पाहा. बाटलीत एक तृतीयांश मुरूम, बाकी पाणी, जोरात हलवून ठेवा. अर्ध्या तासानंतरही पाणी चहासारखं गढूळ आणि तळाशी मातीची जाड साय असेल, तर तो मातकट मुरूम आहे. तो दाबताना गोंडस दिसतो आणि पहिल्या पावसात लोणी होतो. परत पाठवा.

खडीच्या फटीत कच किंवा क्रश सँड भरावी का? गवंडी म्हणतो त्याशिवाय घट्ट बसत नाही.

रस्त्याच्या कामात त्याचं बरोबर आहे. इथे नको. कच भरली की पोकळी संपते आणि दुसरं म्हणजे बारीक फटींमधून ओल वर चढते, जशी कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढतं. मोठ्या खडीच्या मोकळ्या थरातून ओल वर चढू शकत नाही. फरशी कोरडी राहते ती यामुळे. क्रशरची खडी कोनेरी असते, कॉम्पॅक्टरचे दोन फेरे मारले की ती एकमेकींत अडकून बसते. नदीतले गोल गोटे मात्र वापरू नका, ते कितीही दाबले तरी सरकतात.

जिओटेक्स्टाइल महाग वाटतं. हिरवी शेडनेट किंवा ताडपत्री चालेल?

शेडनेटमधून मातीचे कण आरपार जातात, ताडपत्रीतून पाणीच जात नाही. दोन्ही निरुपयोगी, उलट्या कारणांनी. न विणलेलं, फेल्टसारखं दिसणारं, १५० ते २०० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) कापड घ्या. गच्चीवरच्या बागेचं सामान विकणाऱ्यांकडे मीटरवर मिळतं. जोडाला फूटभर एकावर एक घ्या आणि कडा खड्ड्याच्या भिंतींवर चढवा. जमीन फार मऊ असेल तर मुरमाखालीही एक थर घाला. त्या वेळी कापड दुप्पट लागेल.

पाइप कोणता, आणि भोकं वर ठेवायची की खाली?

चार इंची पीव्हीसी. सखल बाजूला खड्ड्याच्या कडेने १४ फूट, तिथून बाहेरच्या टोकापर्यंत आणखी दहाएक फूट. चर एक फूट रुंद आणि तळापासून आणखी फूटभर खोल. उतार १० फुटांत सव्वा इंच.

भोकं फक्त खड्ड्यालगतच्या १४ फुटांना. ८ ते १० मिमीच्या ड्रिलने दोन ओळी, दर चार इंचांवर एक. पाइप असा फिरवा की घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ओळी चार आणि आठच्या जागी येतील. भोकं वर ठेवली तर चर अर्धी भरेपर्यंत पाणी पाइपात शिरतच नाही, आणि शिरतं तेव्हा माती घेऊन शिरतं. खाली ठेवली की चरीतलं पाणी चढताच ते पाइपात येतं.

चरीत आधी कापड, दोन इंच खडी, पाइप, मग वरपर्यंत खडी. कापड चरीला गुंडाळायचं, पाइपाला नाही. पाइपाला घट्ट गुंडाळलेल्या कापडावर त्या भोकांपुरती साय धरते आणि दोन पावसाळ्यांत पाइप बंद होतो. वरच्या टोकाला एक उभा पाइप झाकणासकट काढून ठेवा, पुढे बागेची नळी घालून धुता येतो. बाहेरच्या तोंडाला जाळी सक्तीची समजा. जाळी नसेल तर घूस आत जाते, खडीखाली घर करते, आणि तिने उकरलेली माती तुमच्या निचऱ्यात येते.

पाणी शेवटी सोडायचं कुठे?

पसंतीच्या क्रमाने: बागेतलाच सखल भाग, जिथे केळी किंवा कर्दळ लावता येईल, शोषखड्डा, पावसाळी गटार. मैलापाण्याच्या चेंबरला जोडू नका. ती लाइन पावसाच्या पाण्यासाठी नसते, आणि मोठ्या पावसात ती भरली की तेच पाणी उलट तुमच्या खडीत येतं. शेजाऱ्याच्या कुंपणाकडे सोडलेलं पाणी काय करतं ते सांगायला नको.

शोषखड्ड्याचा हिशेब सोपा आहे. वळचणीसकट छप्पर १३ × १५ फूट, म्हणजे साधारण १८ चौरस मीटर. तासात ५० मिमी पाऊस पडला तर ९०० लिटर पाणी. ४ × ४ फूट आणि ५ फूट खोल खड्डा ४० मिमी खडीने भरला तर त्याच्या पोकळीत जवळपास तेवढंच मावतं. तो खोलीपासून आणि घरापासून १० फूट लांब ठेवा. आणि वर सांगितलेली चाचणी नापास झाली असेल तर शोषखड्डा काढूच नका. काळ्या मातीत तो दुसरा हौद होतो.

पाइप आणि शोषखड्डा यांच्यामध्ये फूटभर चौकोनी चेंबर बांधा, त्याचा तळ पाइपाच्या तोंडापेक्षा सहा इंच खाली. गाळ तिथे बसतो. तळाला सिमेंट करू नका, खडीच ठेवा. नाहीतर साचलेल्या पाण्यात डास होतात.

पुणे शहरात वर्षाला सरासरी ७०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, पण पौड ओलांडून मुळशी-ताम्हिणीकडे गेलात की हिशेब हजारांत जातो. तिथल्या फार्महाऊसला सहा इंची पाइप, जमिनीपासून १५ ते १८ इंच उंच जोतं आणि दोन फूट वळचण हवी. शोषखड्डा तिथे जुलैत भरून वाहतो, उतारावर उघडं तोंडच बरं.

जागा टेकडीच्या उतारावर आहे. काही वेगळं?

खोलीच्या वरच्या अंगाला, तीन-चार फूट अंतरावर, एक फूट रुंद आणि दीड फूट खोल चर अर्धगोलात काढा, कापड-खडी भरा आणि दोन्ही टोकं खोलीच्या पलीकडे उतरवा. टेकडीवरून मातीच्या पोटातून झिरपणारं पाणी पायापर्यंत पोचण्याआधी वळवायचं असतं. नुसती वरची माती सारखी करून हे थांबत नाही, कारण ते पाणी दिसतच नाही. ओल दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

जोतं खोलीपेक्षा थोडं मोठं ठेवलं तर कुंड्या ठेवायला जागा होईल ना?

होईल, आणि भिंतीचं लाकूड कुजेल. भिंतीबाहेर उरलेल्या चार-सहा इंचांच्या कट्ट्यावर पाऊस आपटतो, शिंतोडे भिंतीवर उडतात आणि पाणी खालच्या आडव्या लाकडाखालून आत सरकतं. जोतं भिंतीच्या बाहेरच्या रेषेशी बरोबर किंवा अर्धा इंच आत. वळचणीचं पाणी भिंतीपासून दीड फुटावर पडतं, म्हणजे आपल्या दोन फुटी खडीच्या पट्ट्यात. खडीवर पडलेला थेंब चिखल उडवत नाही, हा त्या पट्ट्याचा अर्धा उपयोग. पन्हळ लावली तरी पट्टा ठेवाच. गुलमोहर किंवा वर्षावृक्ष जवळ असेल तर त्यांची बारीक पानं पन्हळीच्या जाळीतूनही जातात आणि ती ऐन जूनमध्ये तुंबते.

काँक्रीटचा चौथरा चांगला की खांबांवर उचललेली लाकडी फळ्यांची जमीन?

मुरूम जवळ असेल तर चौथरा. तो टिकतो, झाडायला सोपा, वर कोटा किंवा शहाबादी बसवता येते. काळी माती चार फुटांखालीही संपत नसेल तर आमचं मत स्पष्टपणे खांबांच्या बाजूने आहे. प्रत्येक खांबाखाली स्वतंत्र बैठक मुरूम लागेपर्यंत न्या, खाली सहा ते नऊ इंच मोकळी हवा ठेवा आणि तुळईखाली आटे फिरवून वरखाली करता येणारे आधार बसवा. जमीन हललीच तर पान्याने सारखं करता येतं. चौथऱ्याला तडा गेला की गेला.

काँक्रीट ओतताना काय सांभाळायचं?

पाणी. पोत्याला २५ लिटर, मोजून. काम सोपं व्हावं म्हणून मिक्सरमध्ये बादलीने ओतलेलं जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं आणि भेगा ठेवतं. सळईची जाळी चार इंचांच्या मध्यावर, ४० मिमीच्या कव्हर ब्लॉकवर (सळई उचलून धरणाऱ्या ठोकळ्यांवर). 'ओतताना आकड्याने वर ओढून घेऊ' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ती प्लास्टिकवरच पडून राहते. १२ फुटांच्या मधोमध आडवा, एक इंच खोल काप दुसऱ्या दिवशी मशीनने मारून घ्या, तडा जायचाच असेल तर त्या रेषेत जाईल. वरच्या अंगाला १० फुटांत सव्वा इंच उतार दाराकडे.

एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत ओतून मोकळे व्हा. दुपारी पृष्ठभाग आतल्यापेक्षा आधी सुकतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. दुसऱ्या दिवसापासून कडेने मसाल्याची छोटी आळी करून पाणी तुंबवून ठेवा, किमान ७ दिवस, उन्हाळ्यात १०. सकाळ-संध्याकाळ नळी फिरवणं म्हणजे क्युरिंग नव्हे.

खांब कसे बसवायचे?

काँक्रीटमध्ये लाकडाचा खांब गाडू नका. जमिनीच्या रेषेवर तो काही वर्षांत कुजतो, सागाचा असला तरी. प्रत्येक खांबाखाली दीड × दीड फूट आणि दोन फूट खोल काँक्रीटची बैठक मुरमाच्या थराआधीच करून घ्या. ती चौथऱ्यापर्यंत वर आणा, तिच्यात बोल्ट ओततानाच बसवा. वर गॅल्व्हनाइज्ड बूट (खांबाचं बूड धरणारी, जस्त चढवलेली लोखंडी खोबण), आणि खांबाचं बूड काँक्रीटपासून इंचभर वर. लोखंडी खांब असेल तर सहा मिमीची सहा इंची चौकोनी प्लेट आणि चार बोल्ट. नंतर छिद्र पाडून अँकर मारायचेच असतील तर कडेपासून चार इंच आत, नाहीतर कोपरा निघून येतो. मेमधला वळीव वाऱ्यासह येतो आणि उघड्या मंडपाचं छप्पर खालून उचलतो. बोल्ट खोली उभी ठेवायला नसतात, खाली धरून ठेवायला असतात.

वाळवीचं काय?

मुरूम दाबून झाल्यावर आणि कापड घालण्याआधी फवारणी करायची असते. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर लिटर पाण्यात २.१ मिली, आणि द्रावण चौरस मीटरला ५ लिटर. आमच्या खड्ड्याला सुमारे १०५ लिटर. हातमोजे, मास्क, आणि विहीर किंवा बोअर जवळ असेल तर फवारणीच नको. पाऊस येणार असेल त्या दिवशीही नको. खोदाईत निघालेले लाकडाचे तुकडे, जुनी मुळं, शटरिंगच्या फळ्यांचे कपटे वेचून बाहेर काढा. औषधापेक्षा हे जास्त उपयोगी.

शेजारी आंब्याचं झाड आहे.

खोडापासून १० फूट तरी लांब राहा. मनगटाएवढं मूळ खोदाईत आलं तर कापू नका, खोली सरकवा किंवा खांबांवरची रचना घ्या. वड, पिंपळ, उंबर यांच्याजवळ पाइपाला भोकं पाडायचा विचारही नको. मुळं ओलीच्या मागे येतात आणि पाइप भरून टाकतात.

काम कधी काढावं?

फेब्रुवारी ते एप्रिल. खड्डा उघडा असताना वळीव आला तर पाणी उपसून, मऊ झालेले दोन-तीन इंच खरवडून काढा आणि तेवढा मुरूम जास्त घाला. चिखलावर थर टाकून पुढे जाऊ नका. मृगाच्या तोंडावर सुरू केलेलं काम बहुधा दिवाळीला संपतं.

परवानगी लागते का?

पक्कं जोतं हे बांधकाम आहे. सामासिक अंतरात (प्लॉटच्या हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेत) ते येत असेल तर महापालिका किंवा पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), जे तुमच्या जागेला लागू असेल तिथे, आधी आर्किटेक्टमार्फत विचारून घ्या. सोसायटी असेल तर तिचंही पत्र. नदी-ओढ्याकाठच्या प्लॉटवर निळी आणि लाल पूररेषा पाहा. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर मुठेला जे येतं, त्यापुढे कोणताही निचरा चालत नाही.

खोली आधीच बांधून झाली आहे आणि जोत्याभोवती पाणी साचतं. आता?

फरशी फोडू नका. भिंतीपासून दोन फुटांवर सखल बाजूने चर घ्या: एक फूट रुंद, आणि जोत्याच्या खडीच्या तळापेक्षा चार इंच खोल. कापड, पाइप, खडी वर सांगितल्याप्रमाणे, आणि तोंड बाहेर. चर जोत्याच्या तळाला चिकटून काढलीत तर खालची खडी चरीत ढासळते, म्हणून दोन फूट. चर कापताना जोत्याच्या बाजूने पाणी भळाभळा यायला लागलं, तर समजा हौद सापडला. तो एक-दोन दिवस रिकामा होऊ द्या आणि मग खडी भरा. नंतर भोवतालची माती खोलीपासून बाहेरच्या बाजूला सहा फुटांत तीन इंच उतरती करा. फुलझाडांचे वाफे जोत्याला टेकले असतील तर ते हलवा, रोज घातलेलं पाणी पावसापेक्षा जास्त नुकसान करतं.

दरवर्षी काय पाहायचं?

मेच्या शेवटी चेंबरमधला गाळ काढा, उभ्या पाइपात नळी घालून तोंडातून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा, जाळी तपासा. जोराच्या पहिल्या पावसात छत्री घेऊन बाहेरच्या तोंडाशी जा. पाऊस सुरू झाल्यावर थोड्याच वेळात धार लागली पाहिजे आणि थांबल्यावर काही तास ती बारीक होत राहिली पाहिजे. खडीच्या पट्ट्यात पाणी दिसतंय आणि तोंड कोरडं आहे, तर पाइप तुंबलाय. धार दुसऱ्या दिवशीही तेवढीच जाड असेल तर ते पाणी छपराचं नाही. कुठेतरी नळाची लाइन फुटली आहे, मीटर पाहा.